वाटेतच गेला, पण कशाने?

"वाटेतच गेला."

आपल्याकडे हे दोन शब्द उच्चारले की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. घाटात गेला. कणकवली सोडली आणि गेला. बांबोळीच्या गेटवर पोचलो तोवर गेला. ठिकाण प्रत्येकाला पाठ असतं, कारण कोणाला माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात एक कॉलमी बातमी येते, 'सर्पदंशाने शेतमजुराचा मृत्यू' किंवा 'तापाने तरुण दगावला', आणि विषय संपतो. फार तर गावात कोणीतरी म्हणतं, शेवटी हार्ट बंद पडलं म्हणे. अहो, हार्ट सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. ते का बंद पडलं, हा प्रश्न आहे.

मिरग तोंडावर आलाय, म्हणून आताच लिहितोय. एकदा लावणी सुरू झाली की वाचायला कोणाला वेळ नसतो, आणि ज्यांच्यासाठी लिहितोय ते तेव्हा चिखलात उभे असतात. पोस्ट लांब आहे. पण आपल्या घरातलं कोणी शेतात उतरत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पावसाळ्यातली एक केस सांगतो. नाव-गाव सांगत नाही, घरच्यांना त्रास नको. पस्तिशीतला गडी, तरव्याच्या मुठी वाहताना संध्याकाळी पायाला घोणस डसली. घरच्यांनी मांत्रिकाकडे न नेता तासाभरात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, गोठलं नाही म्हणून सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू केलं. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे, आणि रात्रपाळीच्या त्या डॉक्टरांचं मी कौतुकच करीन. दुसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं, सूज थोडी उतरली. पेशंट बोलत होता, चहा मागत होता. घरच्यांना वाटलं, वाचला.

फक्त लघवी होत नव्हती. आदल्या रात्री थोडी झाली ती लाल. सकाळी अगदी थेंबभर. नंतर नाहीच. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला पाय जड झालेत, उचलत नाहीत, असं तो म्हणायला लागला. मग धावपळ झाली आणि कोल्हापूरला हलवायचं ठरलं. घाट चढता चढता भावाशी बोलत होता. बोलता बोलता मान टाकली.

मी नंतर ती रेफर चिठ्ठी पाहिली. त्यावर ब्लडप्रेशर होतं, नाडी होती, किती व्हायल दिल्या ते होतं. लघवी किती झाली, या रकान्यात काही नव्हतं. पोटॅशियमचा आकडा नव्हता. ईसीजी काढल्याची नोंद नव्हती. भावाला विचारलं, लघवी बंद आहे हे तुम्ही कोणाला सांगितलंत का? तो म्हणाला, "ता कोणी इचारूकच नाय."

आता, हा माणूस पोटॅशियमनेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. म्हणता येणारच नाही, कारण तपासणीच झाली नाही. आणि नेमकी तीच माझी तक्रार आहे.

किडनी म्हणजे लघवी तयार करणारं यंत्र, एवढंच आपल्या डोक्यात असतं. खरं तर ती रक्तातल्या क्षारांची हिशेबनीस आहे. सोडियम किती ठेवायचं, पोटॅशियम किती बाहेर टाकायचं, आम्ल किती काढायचं, हा हिशेब ती दिवसरात्र करत असते. एखाद्या आजारात किंवा विषाने ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक काम थांबवते, त्याला डॉक्टर 'अ‍ॅक्यूट किडनी फेल्युअर' म्हणतात. शुगरवाल्यांची किडनी वर्षानुवर्षं झिजते, तसं हे नाही. हे अचानक येतं, आणि चांगली गोष्ट अशी की पुष्कळदा अचानक आलेलं हे दुखणं बरंही होतं. म्हणजे पेशंट ते आठ-पंधरा दिवस जगला पाहिजे, एवढीच अट. त्या दिवसांत त्याला मारतं ते बहुतेक वेळा क्षारांचं बिघडलेलं गणित.

त्यात सगळ्यात वाईट पोटॅशियम. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं. घोणशीच्या विषाने तांबड्या पेशी फुटतात, स्नायूंनाही इजा होते, आणि आतलं पोटॅशियम रक्तात येतं. त्याच वेळी किडनी बंद. म्हणजे नळ उघडा आणि मोरी तुंबलेली. आकडा ६.५ च्या वर गेला की हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते. आणि यात दुखत काही नाही. पाय जड वाटतात, मुंग्या येतात, नाडी मंद होते, कधी कधी तेवढंही होत नाही. माणूस बोलत असतो आणि पुढच्या मिनिटाला नसतो. म्हणून घरच्यांना ते कायम 'अटॅक'सारखं दिसतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९४१ साली, लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी चार पेशंटांची हकीकत छापली. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हातपाय चेंगरलेली माणसं जिवंत बाहेर काढली, ती आधी सावरल्यासारखी दिसली, आणि मग लघवी कमी होत जाऊन काही दिवसांत गेली. तेव्हा डायलिसिसचं मशीन वापरात नव्हतं. म्हणजे त्या डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. आज आपल्या हातात सगळं आहे, फक्त ते तालुक्याच्या गावात रात्री नाही.

बाकीचे क्षारही गप्प बसत नाहीत. लघवी बंद झाल्यावर सलाईनवर सलाईन चढवली, वर घरच्यांनी पाणी पाजलं, की रक्त पातळ होऊन सोडियम खाली जातं. १३५ च्या थोडं खाली गेलं तर मळमळ, डोकेदुखी. खूप खाली, विशेषतः झपाट्याने गेलं, तर माणूस बरळायला लागतो, फिट येते. आपल्याकडे तापाचा पेशंट बरळला की अजूनही अंगारा लावायला माणूस धावतो. रक्तात आम्ल साठलं की श्वास खोल आणि जलद होतो, छातीत घरघर नसते तरी. त्याला दमा समजून वाफ देतात. कॅल्शियम उतरलं की बोटं आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात. प्रत्येक लक्षणाला गावात दुसरं नाव तयार आहे, म्हणून खरं कारण झाकलं जातं.

तुम्ही म्हणाल, मग अंदाजाने पोटॅशियम कमी करायचे उपचार करून टाकावेत, तपासणी कशाला? इथेच गंमत आहे. आपल्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात किडनी बिघडवणारा दुसरा मोठा पाहुणा म्हणजे लेप्टो. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या भेगांतून शिरतो. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, मग कावीळ. लेप्टोने किडनी बिघडली की पुष्कळदा लघवी होतच असते, कधी भरपूर होते, आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी उतरलेलं असतं! म्हणजे एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोघंही किडनीचे पेशंट, दोघंही चिखलातून आलेले. एकाला पोटॅशियम द्यायचं आणि दुसऱ्याला दिलं तर तो मरेल. चेहरा बघून हे कळत नाही. देवमाणूस डॉक्टर असला तरी कळत नाही. आकडा लागतो.

ईसीजीवरून काही अंदाज येतो हे खरं. पोटॅशियम चढलं की त्यावरच्या लाटा उंच आणि टोकदार होतात, पुढे सगळी रेघच रुंद होत जाते. ईसीजीचं मशीन आपल्याकडे आहे, चालू आहे, मी स्वतः बघितलंय. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी लगेच काढतात. पाय जड झाले म्हणणाऱ्या सर्पदंशाच्या पेशंटचा काढत नाहीत. तो काढायला एक पैसा जादा लागत नाही. पण ईसीजी नॉर्मल दिसला म्हणजे पोटॅशियम नॉर्मल, असंही नाही. म्हणून पुन्हा आकड्यावर येतो.

तो आकडा मिळतो कसा आपल्याकडे? दिवसा रक्ताचे नमुने घेतात, गाडी येते, घेऊन जाते, रिपोर्ट नंतर येतो. मधुमेहाच्या, थायरॉइडच्या तपासणीला ही पद्धत उत्तम आहे, गोरगरिबांचे पैसे वाचतात, मी तिच्या विरोधात नाही. पण पोटॅशियम असं गाडीत बसून जायच्या लायकीचं नाही. रक्त वेळेत वेगळं न करता तसंच हिंदकळत, उन्हातून नेलं की वाटेतच पेशी फुटतात आणि नसलेलं पोटॅशियम रिपोर्टात दिसतं. ही तपासणी पेशंटच्या जवळच, आणि लगेच व्हायला हवी. रात्री तर प्रश्नच नाही. खाजगी लॅबवाला रात्री फोन उचलला तर उचलला.

केंद्राच्या २०२२ च्या मानकांत सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीला, ९७ तपासण्यांची यादी आहे. आकडा दवाखान्याच्या भिंतीवर लावायला छान आहे. माझा प्रश्न एवढाच, यातल्या रात्री दोन वाजता किती होतात?

यावर अधिकारी मंडळींची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. एका ओळखीच्या लॅब टेक्निशियनने समजावलं. क्षार मोजणाऱ्या मशीनमधलं द्रावण मशीन नुसतं चालू ठेवलं तरी संपत राहतं, कारण ते स्वतःचं मोजमाप अधूनमधून तपासत असतं. दिवसाला दोनच पेशंट असले तर प्रत्येक तपासणी महाग पडते. वीज गेली की घोळ. रात्रपाळीला टेक्निशियनचं पद नाही. हे सगळं मान्य. पण हातात मावणारी यंत्रंही मिळतात, एका पेशंटला एक पट्टी, काही मिनिटांत आकडा, आणि थोडं शिकवलं तर सिस्टरही चालवू शकतात. पट्टी महाग असते आणि फ्रिजमध्ये ठेवावी लागते. लशींसाठी आपल्याकडे फ्रिज आहेच की. शिवाय सगळ्यांची तपासणी करा असं कोण म्हणतंय? घोणस, लेप्टोचा संशय, जुलाबाने सुकलेला, उन्हाने पडलेला, ढिगाऱ्याखालून काढलेला, आणि ज्याची लघवी कमी झालीय तो. एवढ्यांचीच करा. महिन्याला अशा किती पट्ट्या लागतील? नेत्यांच्या वाढदिवसाच्या एका बॅनरच्या खर्चात बऱ्याच येतील, पण ते जाऊ दे.

खरी अडचण वेगळी आहे. डायलिसिस सेंटरचं उद्घाटन करता येतं. फीत असते, फोटो असतो, बातमी आम्हीही छापतो. २०१६ नंतर केंद्राच्या योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस आलं आणि त्याने कितीतरी घरं वाचवली, हे नाकारायचं कारण नाही. पण त्या खुर्च्या कायमच्या पेशंटांनी भरलेल्या असतात, आणि आपला घोणशीचा पेशंट मुळात तिथवर जिवंत पोचला पाहिजे. पोचवण्यासाठी जे लागतं ते इतकं फुटकळ आहे की त्याची फीत कापता येत नाही.

काय लागतं? कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन. किंमत दोन-चार चहांची. पोटॅशियम ते कमी करत नाही, पण हृदयाला काही मिनिटांत संरक्षण देतं, आणि ते अर्धा ते एक तास टिकतं. अर्धा ते एक तास म्हणजे आपल्या भाषेत एक घाट. गरज पडली तर डॉक्टर ते पुन्हा देतात. जोडीला इन्सुलिन आणि ग्लुकोज, ज्याने पोटॅशियम काही तासांपुरतं पेशींत परत ढकललं जातं. दम्याला देतात ती साल्ब्युटामॉलची वाफसुद्धा तेच काम थोडंफार करते. यातलं एकही औषध परदेशी नाही, दुर्मिळ नाही. सगळी दवाखान्याच्या कपाटात असतात किंवा असायला हवीत. ती द्यायची कधी, किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही. पण आकडा आणि ईसीजी नसेल तर ते तरी कशावर ठरवणार?

२०१४ पासून १०८ आली आणि राज्यात ९३७ गाड्या धावायला लागल्या तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रास्तच होतं. त्या गाडीत डॉक्टर असतो. पण त्याच्या हातात जी चिठ्ठी पडते तीवर पेशंटने शेवटची लघवी कधी केली, किती केली, पोटॅशियम काय होतं, ईसीजी कधी काढला, कॅल्शियम दिलं का, यातलं काहीच नसेल तर तो डॉक्टर आणि आपण, दोघंही खिडकीतून घाटच बघत बसणार.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट कोकणात कोणाला नव्याने सांगायला नको. विंचूदंशाने पोरं मरायची, त्यांनी प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची स्वस्त गोळी वापरून दाखवली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण त्यांचे फोटो शेअर केले. त्या गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की औषध मुंबईला नव्हतं, पेशंट पहिल्यांदा जिथे पोचतो तिथे होतं.

आता सरकारकडून घरच्यांकडे वळतो, कारण आपलीही काही कामं आहेत.

पेशंटला बघायला जाताना आपण काय नेतो? शहाळी. कोकणी माणूस रिकाम्या हाताने जाईल कसा! जुलाबाने थकलेल्याला, ज्याची लघवी नीट होतेय त्याला, शहाळं चांगलंच. पण एका चांगल्या शहाळ्यात साधारण दोन केळ्यांइतकं पोटॅशियम असतं. ज्याची लघवी बंद आहे त्याला दिवसभरात पाच नातेवाइकांनी पाच शहाळी पाजली, वर मोसंबीचा रस, वर केळं, तर काय होईल ते आता तुम्हीच सांगा. बिनसोडियमचं किंवा कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ असतं, त्यातही सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियमच घातलेलं असतं. लघवी कमी झालेल्या पेशंटला डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काही देऊ नका. माया दाखवायची तर शहाळं सिस्टरना द्या, त्या रात्रभर उभ्या असतात.

दुसरं, अंगदुखीचं इंजेक्शन. तापात पोटऱ्या दुखतात म्हणून गावातल्या दवाखान्यात जाऊन "एक दुखायची सुई मारा" म्हणायची आपली सवय. शरीर सुकलेलं असताना, लेप्टोचा संशय असताना, या वेदनाशामकांपैकी बरीच औषधं किडनीवर आणखी भार टाकतात. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियमही वाढवतात. डॉक्टरला स्वतःहून सांगा, कोणत्या गोळ्या चालू आहेत. पाकीट खिशात ठेवा.

आणि लघवी मोजा. लाज वाटायचं काही कारण नाही. पन्नास किलोच्या माणसाला सहा तासांत दीडशे मिलीलिटरही लघवी झाली नाही, तर ते सांगण्याजोगं आहे. दीडशे मिली म्हणजे मोठा कपभर. एक रिकामी पाण्याची बाटली कापा, खुणा करा, वेळ लिहा. कोणी विचारलं नाही तरी राउंडला आलेल्या डॉक्टरांना आपणहून सांगा: कालपासून एवढीच झाली, रंग असा होता. लाल किंवा कोकमाच्या सरबतासारखी झाली तर तेव्हाच सांगा, सकाळपर्यंत थांबू नका.

एक शेवटचं, जे मलाही अलीकडेच एका डॉक्टरांकडून कळलं. डायलिसिस होऊन, आठ-दहा दिवसांनी लघवी सुटते. घरी पेढे वाटतात. पण बरी होत असलेली किडनी सुरुवातीला पाणी आणि क्षार राखून ठेवायला शिकलेली नसते, लघवी कधी कधी लोटाने जाते आणि तिच्याबरोबर पोटॅशियम, सोडियमही. आधी जास्त होतं म्हणून जीव धोक्यात, आता कमी झालं म्हणून. "लघवी सुटली, चला घरी" असं म्हणून सही करून पेशंट उचलून आणू नका. खाटेचे पैसे वाचतील, पण रक्ताची तपासणी चुकेल.

आता पुढचं. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे निधी असतो, आणि जिल्हा नियोजन समितीत आरोग्यासाठी पैसे मागता येतात. येत्या सोमवारी मी माहितीच्या अधिकारात अर्ज देतोय. गेल्या दोन पावसाळ्यांत सर्पदंश आणि लेप्टोचे किती पेशंट इथून पुढे पाठवले, त्यातल्या किती जणांचं पोटॅशियम पाठवण्याआधी तपासलं, किती जणांचा ईसीजी काढला, कॅल्शियम ग्लुकोनेटचा साठा आज किती आहे आणि समितीची शेवटची सभा कधी झाली, एवढंच विचारलंय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.

शेजारच्या तालुक्यातल्या वाचकांपैकी कोणी हाच अर्ज आपल्या दवाखान्यासाठी देणार असेल तर मेसेज करा, मसुदा पाठवतो. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो.